कोनशिला मराठी, खिडकी इंग्रजी

आमच्याकडे येणाऱ्या लेखनकामांची जातकुळी ठरलेली असते. लग्नपत्रिकेतील ऱ्हस्वदीर्घ, सेवानिवृत्तीचे मानपत्र, एखाद्या सहकारी संस्थेच्या अहवालाचे प्रास्ताविक, कधी कुणाच्या पुण्यतिथीचा फलक. मराठीचे अध्यापक म्हटले की गावाने ही कामे हक्काने सांगावीत आणि आम्ही ती चहाच्या मोबदल्यात करावीत, असा आमच्या वाई-पाचगणीकडचा रिवाज आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र थोडे निराळे काम आले. पाचगणीच्या परिसरातील एका लहान कॅथलिक धर्मग्रामाला नवे चर्च बांधायचे होते आणि कोनशिलेवर कोरण्याचा मजकूर त्यांना नीट मराठीत हवा होता. आम्हा दोघांपैकी ख्रिस्ती कुणीच नाही. पण फादर स्वतः भाषेविषयी विलक्षण आस्था असलेले गृहस्थ. ‘चर्च’ लिहावे की ‘ख्रिस्तमंदिर’, ‘बाप्तिस्मा’ बरा की ‘स्नानसंस्कार’, ‘बिशप’ म्हणावे की ‘महागुरुस्वामी’, यावर त्यांच्याशी दोन संध्याकाळी मनसोक्त चर्चा झाली. कॅथलिक मराठीने गेल्या सहा दशकांत किती परिभाषा घडवली आहे, आणि मराठीच्या अभ्यासक्रमाने तिच्याकडे किती कमी पाहिले आहे, हे तेव्हा नव्याने लक्षात आले.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी नव्या वास्तूचे चित्र आमच्यासमोर पसरले. समोर दोन टोकदार मनोरे, त्यांच्यामध्ये टोकदार कमानीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना टोकदार कमानीच्या खिडक्या. खिडक्यांत निळ्या डोळ्यांची मरियामाता, सोनेरी केसांचा मेंढपाळ, मागे बर्फाच्छादित डोंगर. ही रंगीत काच कुठून आणणार, असे आम्ही सहज विचारले. काच नव्हतीच. साध्या काचेवर चिकटवण्याची छापील फिल्म होती. नमुन्यांची जाड वही शेजारीच पडली होती, आणि कोणत्या संताचे चित्र किती रुपये चौरस फूट हे तीत छापलेले होते.

कोनशिलेच्या चार ओळी आम्ही लिहून दिल्या. पण घाट उतरताना एक गोष्ट मनातून जाईना. शब्दाशब्दासाठी ज्यांनी आमच्याशी दोन संध्याकाळी वाद घातला, त्यांनी भिंतीसाठी आणि खिडकीसाठी मात्र एकही प्रश्न न विचारता परकी भाषा स्वीकारली होती. प्रार्थना मराठी झाली, कोनशिला मराठी झाली. वास्तू तेवढी इंग्रजीच राहिली. हा प्रश्न एका धर्मग्रामापुरता नाही, म्हणून येथे मांडतो आहोत.

प्रथम टोकदार कमानीच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलले पाहिजे, कारण पाचगणीत राहून तिची टिंगल करणे कृतघ्नपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने या पठारावर वस्ती, शाळा आणि झाडे रुजवली. सिल्व्हर ओकच्या ज्या रांगांनी पाचगणी आज ओळखली जाते, त्यांची सुरुवात त्याच्या काळातली. तो इथेच, सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत विसावला आहे. १८९५ साली सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आले, मागोमाग इतर शाळा आल्या. या माणसांनी आपल्या गिरिस्थानांवर प्रार्थनेसाठी जी घरे बांधली ती त्यांना घराची आठवण देणारी होती. परमुलखात माणूस मातृभाषेत प्रार्थना करतो, तसे ते मातृभाषेत बांधत होते. त्यात खोटे काही नव्हते.

आणखी एक गोष्ट. पाचगणीला जुलै-ऑगस्टमध्ये धुके उतरते. टेबललँड दिसेनासे होते, दिवसभर एकच राखाडी, सावली नसलेला उजेड भरून राहतो. त्या दिवसांत गिरिस्थानावरच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये जाऊन रंगीत काचेसमोर उभे राहावे. निळा रंग खोल होतो, लाल निखाऱ्यासारखा धुमसतो. भिंत काळोखात विरते आणि केवळ काच उरते. ही कला ज्या आकाशाखाली जन्मली, ते आकाश वर्षातले दोन-तीन महिने पाचगणीला उसने मिळते. मग त्याच ठिकाणी एप्रिलमध्ये जावे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन असे आत घुसते की चित्रातला संत दिसेनासा होऊन डोळ्यांसमोर नुसता झगझगाट उरतो, आणि खिडकीजवळ बसलेली माणसे कपाळावर हात धरून सरकत सरकत भिंतीच्या आडोशाला जातात.

रंगीत काचेची ही मूळ गोष्ट आपण विसरतो. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात सुगेर या मठाधिपतीने ११४४ साली नव्या बांधणीचा पूर्वभाग पूर्ण केला, तेव्हा भिंत पातळ करून तिच्या जागी रंगीत काच बसवण्याची जी परंपरा सुरू झाली, ती उत्तर युरोपच्या मंद, तिरप्या, वर्षातले बरेच महिने ढगाळलेल्या उजेडासाठी होती. तिथे उजेड दुर्मीळ. म्हणून तो मौल्यवान, म्हणून तो दैवी. ती काच बनवण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. काच वितळलेली असतानाच तीत धातूंची भस्मे मिसळतात : कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगनीजने जांभळा रंग येतो. चेहऱ्याच्या आणि वस्त्राच्या रेषा वरून रंगवून तुकडे पुन्हा भट्टीत भाजतात आणि शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना सांधतात. रंग काचेवर नसतो, काचेत असतो. उजेड त्या काचेच्या अंगातून येतो, तिच्यातल्या बुडबुड्यांवर, जाड-पातळ जागांवर अडखळतो, आणि म्हणून ढग सरकला की चित्र हलल्यासारखे वाटते. छापील फिल्मवर यातले काहीही घडत नाही. ती चित्राची प्रत असते. मागून दिवा लावलेल्या जाहिरातीच्या फलकाहून तिचे नाते वेगळे नाही. चार-सहा उन्हाळ्यांत तिचे रंग उडू लागतात, हा मुद्दा आम्ही दुय्यम मानतो. टिकली असती तरी ती नकोच होती.

आपल्याकडे उजेडाची चणचण कधीच नव्हती. आपल्याला हवी होती सावली. म्हणून आपण ओसरी केली, खोल पडवी केली, जाळी केली, देवाला गाभाऱ्याच्या काळोखात ठेवले आणि समईच्या ज्योतीत पाहिले. उजेड आत घ्यायचाच तर तो बाजूने घेतला नाही, वरून घेतला. वाड्याचा चौक म्हणजे दुसरे काय? माळवदाच्या घरातले साणे म्हणजे काय? दुपारी बाराच्या सुमारास साण्यातून जमिनीवर उतरणारा तो चवलीएवढा उजेड, त्यात तरंगणारी धूळ, आणि चुलीच्या धुराने त्याला दिलेला निळसर आकार, हे ज्याने लहानपणी पाहिले असेल त्याला ‘वरून येणारा उजेड’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

हे साणे आणि हा चौक आम्हाला एका कॅथलिक चर्चमध्ये भेटले. दादरला, गोखले रोडवर.

दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ मुंबईच्या मराठी माणसाला बसथांबा म्हणून ठाऊक असते. शिवाजी पार्कला, सिद्धिविनायकाला, पुस्तकांच्या दुकानांना जाताना आम्हीही वर्षानुवर्षे त्यावरून गेलो, आत कधी पाऊल टाकले नव्हते. त्याचे खरे नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, पोर्तुगीजांच्या भाषेत साल्वासांव. आपण ‘तारणमाता’ म्हणू. फ्रान्सिस्कन पंथीयांनी इथे १५९६ साली चर्च उभारले. म्हणजे ज्ञानेश्वरीची एकनाथकृत शुद्ध प्रत सिद्ध होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि तुकोबा जन्मायचे होते. त्यानंतर वास्तू बदलत गेल्या. आजची वास्तू १९७४ ते १९७७ या काळातली आहे आणि ती चार्ल्स कोरिया यांची आहे.

कोरिया (१९३०–२०१५) हे गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबातले. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम, आणि तेही चौकाचेच : लहान लहान चौरस दालने, काही छपराखाली, काही उघडी, मध्ये पाणी. ‘आकाशाला उघडी जागा’ ही त्यांची आवडती कल्पना. आपल्या हवेत भिंतीच्या आत आणि बाहेर असे दोनच प्रकार नसतात, मध्ये झाडाखालची, ओसरीवरची, गच्चीवरची अशा अनेक जागा असतात आणि माणूस दिवसाच्या प्रहराप्रमाणे त्यांतून फिरत असतो, असे ते आयुष्यभर सांगत आले.

दादरच्या चर्चमध्ये त्यांनी हेच केले. एक लांबट दालन आणि शेवटी वेदी, हा नेहमीचा आराखडा सोडून दिला. एकमेकींत गुंफलेल्या जागा केल्या. काही झाकलेल्या, काही मोकळ्या. झाकलेल्या प्रमुख जागांवर काँक्रीटची कवचे आहेत, वर निमुळती होत गेलेली. या जागांचा क्रम ख्रिस्तचरित्राचा आहे : आधी स्नानसंस्कार, मग लोकांत मिसळून केलेला उपदेश, मग बलिदान. माणूस आत शिरतो तो या क्रमाने शिरतो. आमच्यासारख्यांना हे समजायला वेळ लागला नाही, कारण क्रमाक्रमाने आत जाणे, महाद्वार, सभामंडप, अंतराळ, गाभारा, हे आमच्या पायांना ठाऊकच होते. बाजूला चौक आहेत. गर्दी झाली की माणसे चौकात उभी राहतात आणि तरीही चर्चमध्येच असतात. ख्रिस्ती धर्म मुळात आशियाच्या उन्हातला, अंगणांच्या आणि विहिरींच्या प्रदेशातला, ही गोष्ट मनोऱ्यांच्या चर्चमध्ये बसून कधी जाणवत नाही. इथे जाणवते.

आणि उजेड वरून येतो. कवचाच्या टोकाशी काच आहे, तिच्यावरचे चित्रकाम मकबूल फिदा हुसेन यांचे. मान वर करावी लागते. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उन्हाचा मारा नाही, रस्त्यावरची धावपळ खिडकीतून आत डोकावत नाही. काँक्रीटच्या करड्या आतल्या अंगावरून उजेड खाली घरंगळत येतो आणि येता येता सौम्य होतो. आम्ही एका सकाळी तिथे बराच वेळ बसलो होतो. मिस्सा संपून गेली होती, एक बाई बाकांवरची धूळ पुसत होती. तेवढ्या वेळात उजेड जागचा हलला. घड्याळ न पाहताही ते कळत होते.

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला एक मुसलमान मुलगा, ज्याची आई तो अगदी लहान असताना वारली, त्याने दादरच्या मराठी वस्तीत तारणमातेच्या मंदिराचा उजेड रंगवावा, यावर आम्ही अधिक भाष्य करणार नाही. एवढेच आठवते, की २००६ साली त्याला हा देश सोडावा लागला आणि २०११ साली तो लंडनमध्ये वारला. पंढरपुरात त्याचे काय आहे ते ज्याने त्याने जाऊन पाहावे.

धर्माबाहेरच्या कलावंताला चर्चच्या आत बोलावण्याची ही कल्पना मात्र कोरियांच्या आधीची आहे. फ्रान्समध्ये कुतुरिए नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने आग्रह धरला होता, की श्रद्धाळू पण सुमार कारागिरापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत चर्चला अधिक उपकारक आहे. त्याच्या या आग्रहातून असी येथील डोंगरातल्या चर्चसाठी (१९५०) शागाल आणि लिपशित्झ हे ज्यू आणि लेजेसारखा कम्युनिस्ट राबले. याच काळात, १९५१ साली, मातीसने व्हान्स येथील लहानसे चॅपेल पूर्ण केले. त्याच्या खिडक्यांत माणसाची आकृतीच नाही. पानांसारखे आकार आणि अवघे तीन रंग : पिवळा, हिरवा, निळा. १९५५ साली रोंशां येथे कॉर्ब्युझिएने जाड भिंतीत लहान-मोठी भोके पाडून साधी रंगीत काच बसवली आणि तिला परंपरेच्या अर्थाने ‘चित्रकाच’ म्हणायलाही नकार दिला. काचेतून ढग दिसले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. म्हणजे ज्या युरोपकडे पाहून आमच्या धर्मग्रामाने टोकदार कमानी निवडल्या, त्या युरोपने स्वतः सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच त्यांची नक्कल करणे सोडले होते.

याला दुजोरा खुद्द रोमने दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला. लॅटिनबरोबर लोकभाषांना वेदीपाशी जागा मिळाली, आणि श्रद्धाळूंनी प्रेक्षक न राहता उपासनेत सहभागी व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली. पुढच्याच वर्षीच्या सूचनेने वेदी भिंतीपासून सुटी करावी, धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून उभे राहता यावे, असे सांगितले. त्याच १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला युखरिस्तिक काँग्रेससाठी येऊन गेले. या घटनांचा वास्तूशी थेट संबंध आहे. धर्मगुरू पाठमोरा उभा असताना आणि शब्द लॅटिन असताना लांबट दालन चालते. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू आले नाही तरी बिघडत नाही, कारण ऐकून तरी त्याला काय कळणार होते? शब्द मराठी झाले की ऐकू आलेच पाहिजेत, चेहरे दिसलेच पाहिजेत. मग माणसे वेदीभोवती गोळा होतात, कीर्तनाला बुवांभोवती होतात तशी. दादरचा आराखडा हा या बदलाचा वास्तूतला अनुवाद आहे. नव्हे, अनुवाद म्हणणे चुकीचे होईल.

इथे आम्हा मराठीवाल्यांना फादर स्टीफन्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. त्याने बायबलचे शब्दशः भाषांतर केले नाही. नवख्रिस्ती समाजाला आपली पुराणे सुटल्याची रुखरुख होती. तिला उत्तर म्हणून त्याने ओवी हाती घेतली, दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. त्याला लॅटिन वृत्ते येत नव्हती असे नाही. पण त्याला कळले होते, की मजकूर कितीही पवित्र असला तरी तो ऐकणाऱ्याच्या कानातल्या चालीतून आत गेला पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने भाषेत जे साधले, ते दादरला कोरियांनी काँक्रीटमध्ये साधले असे आमचे मत आहे. कोरियांचे काम तुलनेने सोपे होते, कारण त्यांना ओवी शिकावी लागली नाही.

हे सारे आम्ही उत्साहाच्या भरात धर्मग्रामाच्या बांधकाम समितीपुढे बोलून आलो. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले. समितीतले एक वयस्क काका मात्र म्हणाले, “सर, तुमच्या देवळाला कळस असतो. लांबून कळतं देऊळ आहे. आमचं लांबून कळायला नको? तुम्ही सांगता तसलं काँक्रीट बांधलं तर लोक म्हणतील पाण्याची टाकी आहे.”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. थोड्या संख्येने राहणाऱ्या समाजाला आपले प्रार्थनास्थळ ओळखू यावे असे वाटणे, ही हौस नव्हे. ‘भारतीय’ होण्याचा सल्ला अशा समाजाला बाहेरून दिला जातो तेव्हा तो सल्ला कोणत्या क्षणी दटावणी होतो, हे देणाऱ्यास कळतही नाही. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकांनी (१९०२–१९६७) साडी नेसलेली मरिया रंगवली तेव्हा त्यांच्यावर रोष ओढवला तो त्यांच्याच लोकांचा, आणि त्यांनी आयुष्याचा मोठा भाग पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमाच्या आश्रयाने काढला. त्यांची चित्रे आज आदराने पाहिली जातात; पण त्या वेळी रागावलेल्या माणसांनाही आपले काही हिरावले जात आहे असे खरोखरच वाटत होते. टोकदार कमान इंग्रजांनी आणली हे खरे. पण तिच्याखाली तीन पिढ्यांची लग्ने लागली, मुलांचे बाप्तिस्मे झाले, शवपेट्या ठेवल्या गेल्या. कोटाची बटणे आणि पावाची लादीही आपण परकी मानत नाही. मग कमानच का?

या प्रश्नाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. अर्धे आहे. दादरच्या आजच्या वास्तूत पोर्तुगीज असे काही शिल्लक नाही, तरी बसमधले लोक अजून ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणूनच उतरतात. ओळख कमानीला चिकटलेली नसते. रविवारी त्या दारातून कोण आत जाते-येते याला चिकटलेली असते. तिथेही पहिल्या दिवशी कुणाला टाकीच दिसली असेल. आणि मनोरे ठेवायचेच असतील तर ठेवावेत, क्रूस उंच लावावा, घंटा टांगावी. त्याला आमची हरकत घेण्याचे कारणच नाही. हरकत आहे ती आतल्या उजेडाला. तिथे कोणाची ओळख पटवायची नसते.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो अधिक खरा. खरी शिशाने सांधलेली काच या धर्मग्रामाच्या आवाक्यातली नाही. हुसेन तर नाहीतच. पण पाचगणीच्या पायथ्याशी वाईतल्या एखाद्या जुन्या वाड्यात जावे. दारावरच्या अर्धवर्तुळात, खिडकीच्या वरच्या तावदानांत साध्या एकरंगी काचा बसवलेल्या दिसतात : एक हिरवी, एक निळी, एक पिवळी. चित्र नाही, संत नाही, देव नाही. दुपारी त्या काचांचे तुकडे शहाबादी फरशीवर पडतात आणि घरातली लहान मुले त्यांवर पाय ठेवत खेळतात. मातीसने तीन रंगांत जे केले त्याचा गरीब भाऊ आपल्या माजघरात होता. तो चर्चमध्ये बसवायला फारसा खर्च येत नाही. फिल्मच्या दरात तो बसतो की नाही, हे आम्ही त्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून पाहिले, बसतो.

दादरचे कवच उचलून पाचगणीला आणावे असेही आमचे म्हणणे नाही. इथला पाऊस दादरचा नव्हे. वरच्या काचेच्या सांध्यातून पाणी शिरले की जूनच्या पहिल्या आठवड्यातच वेदीवर बादली ठेवावी लागेल, आणि मग आमच्या सौंदर्यदृष्टीचा उद्धार कोणत्या शब्दांत होईल याची कल्पना आहे. इथे उतरते छप्पर हवे, खोल वळचण हवी, भिंत जांभ्याची चालेल. पण आढ्याखाली, दोन छपरांच्या मधल्या उभ्या पट्टीत, पावसाचा मार नसलेल्या बाजूला रंगीत तावदानांची एक ओळ बसवता येते. उजेड वरून येईल, झगझगाट होणार नाही. धुक्याच्या दिवसांत काच खोल दिसेल आणि एप्रिलमध्ये फरशीवर रंग उतरतील. खाली भिंतींना मोठी दारे ठेवावीत, म्हणजे नाताळच्या गर्दीला ओसरी उपयोगी पडेल. हे आम्ही वास्तुशास्त्रज्ञ म्हणून सांगत नाही. घरे वापरणारी माणसे म्हणून सांगतो आहोत, आणि नकाशा काढणाऱ्याने ते तपासून घ्यावे.

समितीने दोन ठराव केले. कोनशिलेचा मजकूर एका दुरुस्तीसह मान्य झाला. दुरुस्ती त्याच काकांनी सुचवली. आमच्या ‘ख्रिस्तमंदिर’ या भारदस्त शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आई म्हणायची, देवळात जाऊन येते. तेव्हा ‘देऊळ’ लिहा. आम्ही मुकाट्याने लिहिले.

खिडक्यांचा विषय पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या बैठकीवर ढकलला गेला. तत्पूर्वी चार जणांनी दादरला जाऊन यावे असे ठरले. बसचे भाडे धर्मग्राम देणार. अजून कुणी गेलेले नाही. फिल्मच्या नमुन्यांची वही फादरांच्या टेबलावर तशीच आहे, आमचा हिशेब तिच्या मागच्या पानावर.